आधी नाव, मग गोळी

शाळेतून निवृत्त झाल्यावर माणसाने काय करावे, याविषयी माझे मत पूर्वीच ठरलेले होते. आयुष्यभर केले तेच करावे, फक्त घंटा नसावी. त्यामुळे भिलाईतल्या रुआबांध्याच्या वस्तीत काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेने आजारी माणसांची घरी देखभाल करण्याचा वर्ग सुरू केला आणि अक्षरओळखीसाठी शिक्षिका हवी असे कळले, तेव्हा मी घरी विचारायच्या आधीच होकार देऊन आले. घरी विचारल्यावर आमच्या रेल्वेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी एवढेच विचारले, "तिथं तरी फळा पुसायले कोणी आहे का, की मले यावं लागते?"

या वर्गाची गरज भिलाईत राहणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. पोलाद कारखान्याच्या सेक्टरांमधल्या कितीतरी घरांत आता दोनच माणसे उरली आहेत. कारखान्यात उमेदीची वर्षे काढलेले आजोबा आणि त्यांच्या गुडघ्यांची काळजी वाहणाऱ्या, स्वतःही थकलेल्या आजी. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा त्याहून लांब. आणि त्याच सेक्टरांच्या पलीकडे, सायकलच्या अंतरावर, अशा वस्त्या आहेत जिथल्या बाया कष्टाला कधीच कमी पडत नाहीत. त्यांना कमी पडते ते फक्त शिकलेपण. ही दोन टोके जोडावीत, असा संस्थेचा साधा विचार होता.

वर्ग दुपारी, सामुदायिक भवनाच्या मागच्या खोलीत भरे. खोलीत एक लोखंडी खाट होती. तिच्या एका पायाखाली वीट ठेवलेली असल्यामुळे रुग्ण झालेली बाई उठताना नेहमी जपून उठे. एक कूलर होता, तो वाऱ्यापेक्षा आवाज जास्त देई. प्रत्यक्ष काम शिकवायला एक निवृत्त परिचारिका येत. मूळ केरळच्या, पण सगळी नोकरी इकडेच झालेली. त्यांना सगळ्या जणी सिस्टर म्हणत. माझ्याकडे अक्षरे आणि आकडे होते. औषधाच्या पाकिटावरचे नाव वाचणे, ताप मोजण्याच्या यंत्रातला आकडा वाचणे, खाटेच्या उशाशी लावलेले रुग्णाचे कार्ड वाचणे, ही माझी जबाबदारी.

सिस्टरांचा एक नियम होता आणि तो त्यांनी पहिल्याच दिवशी टेबलावर हात आपटून सांगितला होता: रुग्णाचे नाव घ्यायचे, रुग्ण हो म्हणाला की मगच औषध द्यायचे. मला नियम आवडतात. मी त्याला ठेका दिला. रोज वर्ग सुटताना सगळ्या जणी एका सुरात म्हणत, "आधी नाव, मग गोळी!" दाराशी बसून भाजी निवडणारी काकीही त्यात आपला जाड आवाज मिसळी. ही काकी वर्गात दाखल झालेली नव्हती. सून काय शिकते ते पाहायला म्हणून एके दिवशी आली, आणि मग सुनेने सुट्टी घेतली तरी काकी येऊ लागली.

वर्गातल्या एका बाईला सगळ्या घमेलेवाली म्हणत. तिने बरीच वर्षे इमारतीच्या कामावर रेजा म्हणून डोक्यावरून सिमेंट-वाळूच्या मसाल्याची घमेली वाहिली होती, आणि आता मान दुखते म्हणून डॉक्टरांनी ते काम बंद करायला सांगितले होते. तिचे हात खरखरीत पण स्थिर होते. चादर बदलताना ती रुग्णाला अशी कुशीवर वळवी, की झोपमोड होऊ नये. सिस्टर तिला पाहून माझ्याकडे भुवई उंचावत, आणि मी मान डोलावी.

तिच्यासाठी काम तयारच होते, आणि ते माझ्याच शेजारी, बोरसीत. आमच्या गल्लीतल्या एका मराठी आजींचे खुब्याचे हाड मोडले होते. मी घमेलेवालीला दोन दुपारी त्यांच्याकडे नेले, आणि दुसऱ्या दुपारी आजींनी मला बाजूला बोलावून सांगितले, "हीच पाहिजे मले. ही उचलते तर लागत नाही वो!" पण आजींच्या पुण्यातल्या मुलाने फोनवर स्पष्ट सांगितले, "काकू, तुम्ही म्हणता ते ठीक आहे, पण शिकल्याचं प्रमाणपत्र हवं. मी महिनाअखेरी येतोय. तोवर नसेल, तर रायपूरच्या एजन्सीची बाई ठरवतो." त्याचेही चुकत नव्हते. परीक्षा त्याच्या येण्याच्या आधीच होती. ती घ्यायला दुर्गच्या इस्पितळातून एक मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका, येणार होत्या. घमेलेवाली उत्तीर्ण झाली की काम तिचे. नाही झाली तर पुढच्या तुकडीपर्यंत थांबायचे, आणि आजी तोवर थांबणार नव्हत्या.

मला तिची काळजी वाटत नव्हती. वाचनात तिचे एकच अडत असे. फळ्यावर मी प्रत्येकीला तिचे स्वतःचे आणि जोडीतल्या रुग्णाचे नाव लिहून वाचायला लावी. ती स्वतःचे नाव खणखणीत वाचे, पण दुसऱ्या नावापाशी आले की नजर खाली घाली. त्या नावात एक जोडाक्षर होते. निदान करणे हा शिक्षकाचा जुना छंद. मी तिला जोडाक्षरांचा जादा अभ्यास दिला. तिने तो निमूटपणे, पानेच्या पाने भरून केला, आणि पुढच्या दिवशी त्या नावापाशी पुन्हा नजर खाली घातली.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आम्ही रंगीत तालीम घेतली. जोड्या मी पूर्वीच लावलेल्या होत्या, मैत्रिणीला मैत्रीण, कारण ओळखीच्या हाताखाली शरीर सैल राहते. घमेलेवालीची रुग्ण म्हणजे रुआबांध्याच्या बाजारात भाजी विकणारी तिची मैत्रीण. ही भाजीवाली रुग्णाची भूमिका इतक्या मनापासून करी, की तिचे कण्हणे ऐकून एकदा रस्त्यावरचा माणूस आत डोकावला होता. त्या दिवशी सिस्टर मेट्रन झाल्या.

घमेलेवालीने हात धुतले, खाटेपाशी गेली आणि म्हणाली, "सीताराम भोजली."

"सीताराम," भाजीवाली कण्हत म्हणाली. घमेलेवालीने गोळी पुढे केली.

"थांब," सिस्टर म्हणाल्या. "पूर्ण नाव घे. भोजली हे लाडाचं नाव झालं. कार्डावरचं घे."

घमेलेवालीने फळ्यापाशी घाली तशीच नजर खाली घातली. साऱ्या वर्गाच्या माना खाली. आणि सिस्टर आश्चर्याने माझ्याकडे पाहत असताना माझ्या डोक्यात त्या जोडाक्षराचा उलगडा झाला.

छत्तीसगडात श्रावणात टोपलीतल्या मातीत गहू पेरतात आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून त्याची पिवळसर रोपे वाढवतात. तीच भोजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी ती तळ्यात विसर्जित होते. त्या वेळी दोन मुलींनी ठरवले, तर त्या थोडी रोपे राखून एकमेकींच्या कानावर खोचतात आणि जन्मभराच्या मैत्रिणी होतात. त्या दिवसापासून दोघी एकमेकींना भोजली म्हणूनच हाक मारतात, आणि भेटल्यावर रामरामाऐवजी 'सीताराम भोजली' म्हणतात. एकीने दुसरीचे नाव उच्चारायचे नाही, पुढे कधीच नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक होते. पण ठाऊक असणे आणि वेळेवर आठवणे, या दोन वेगळ्या विद्या आहेत.

मी सिस्टरांना हे समजावून सांगितले. त्या खुर्चीवर बसल्या. "म्हणजे इतके दिवस ही नाव न घेताच गोळी देतेय?"

"भोजली, घे गं नाव," भाजीवाली खाटेवर उठून बसत म्हणाली. "मी परवानगी देते. भाजीच्या भावात नोकरी घालवू नको."

"तू कोण एकटी परवानगी देणारी?" घमेलेवाली उसळली. "कानावर दोघींनी खोचली होती ना? नोकरी गेली तर घमेलं आहे. भोजली गेली तर काय डोक्यावर घेऊ?"

"मान दुखते म्हणतेस, आणि घमेल्याच्या गोष्टी करतेस!"

"मान माझी आहे."

मी खडू हातात घेतला. जोडी बदलणे हा सरळ उपाय होता. पण कोणाशी बदलायची? खिडकीजवळची बाई तिची जेठानी निघाली, नवऱ्याच्या थोरल्या भावाची बायको. तिचे नाव घेत नाहीत. तिच्या शेजारची भाजीवालीची नणंद, आणि भोजलीची नाती ती आपलीही नाती, म्हणजे घमेलेवालीचीही नणंदच. काकीची सून नात्याने विहीण लागत होती. मी फळ्यावर रेघा ओढत गेले, आणि दोन गल्ल्यांच्या त्या वस्तीचा वंशवृक्ष पाहता पाहता फळाभर पसरला. शेवटी सर्व नात्यांतून मोकळी अशी एकच मुलगी उरली. तिला खाटेवर निजवले. घमेलेवालीने नाडी पाहायला तिच्या मनगटाला बोट लावले, तशी ती खुदकन हसली. काखेत थर्मामीटर ठेवला, तर ती हसत हसत भिंतीपर्यंत सरकली आणि खाटेची वीट निसटली.

"मग मी निजते," मी म्हणाले. चष्मा काढून मी खाटेवर आडवी झाले. घमेलेवालीने दोन्ही हात कानांना लावले. "नई मॅडमजी! गुरूचं नाव? जीभ झडेल माझी."

दाराशी काकी भाजी निवडता निवडता गदगदा हसत होती.

घरी आल्यावर मी हे सगळे सांगितले. आमचे गृहस्थ पोहे खात होते. "एवढं टेन्शन कावून घेऊन राहिली तू?" ते म्हणाले. "तूही लग्नापासून 'अहो'वरच गाडी चालवून राहिली ना? मी काही औषधाविना मेलो नाही."

"विनोद नको. त्या बाईचं काम जाईल."

त्यांनी चमचा ठेवला. "मले एक सांग. नाव हिनंच कावून घ्यायचं? गाडी सोडायची असली, तर आम्ही पुढच्या स्टेशनाले लाइन क्लिअर, म्हणजे रस्ता मोकळा असल्याची कबुली, मागायचो. तिथला मास्तर द्यायचा तर सोबत त्याच्या यादीतला प्रायव्हेट नंबर बोलायचा. तो त्याच्या तोंडून बोलणार, आपण ऐकून लिहिणार. मीच नंबर बोललो आणि तो झोपेत 'हो हो' म्हणाला, तर गाडीवर गाडी चढून जाईल. आजारी माणूस तर कशालेही हो म्हणते. मागच्या वर्षी तापात तू मले 'गुरुजी' म्हटलं होतं."

हे शेवटचे वाक्य मला अनावश्यक वाटले, पण आधीचा मुद्दा निर्विवाद होता. मी लगेच सिस्टरांना फोन लावला.

"अरे, हेच तर बरोबर आहे!" त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलमध्ये आम्ही पेशंटलाच विचारायचो. इथे सगळ्या एकमेकींच्या ओळखीच्या, म्हणून मी सोपं करून शिकवलं. पण मॅडम, विचारून भागत नाही. पेशंट सांगेल ते कार्डाशी जुळवून बघावं लागतं. ती ते नाव वाचेल का?"

हा प्रश्न मी दुसऱ्या दिवशी वर्गापुढे ठेवला. नाव रुग्ण स्वतः सांगेल. घमेलेवालीला ते फक्त डोळ्यांनी वाचायचे आहे, तोंडाने नाही. चालेल का?

खोलीत जो वाद झाला, तसा माझ्या शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेतही कधी झाला नव्हता. जेठानीचे म्हणणे, वाचणे म्हणजे घेणेच. भाजीवालीचे म्हणणे, मग बाजारात कोणी आपल्याला नावाने हाक मारली आणि ती हिने ऐकली, तर तेही पापच, आणि तसे असेल तर घमेलेवालीने बाजारातून जाणेच सोडावे. विहीण म्हणाली, वाचताना मनात आवाज होतोच. हसणारी मुलगी म्हणाली, तिच्या मनात होत नाही. घमेलेवाली कोणाकडेच न पाहता बसली होती. मग एकेक करून सगळ्या काकीकडे पाहू लागल्या.

काकीने हातातली भाजी टोपलीत टाकली. "आपल्या आज्यांनी जिभेला नियम केला," ती सावकाश म्हणाली. "डोळ्याला नाही केला. कशाला करतील? वाचता येत होतं कोणाला? जो नियम झालाच नाही, तो मोडणार कसा? वाच बाई. पण ओठ मिटून."

मी फळ्यावर ते जोडाक्षर असलेले नाव लिहिले. घमेलेवालीने प्रथमच मान वर करून त्याच्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग ओठ घट्ट मिटलेल्या चेहऱ्याने भाजीवालीकडे वळून ती हसली, आणि भाजीवाली लाजली. इतक्या वर्षांच्या मैत्रीत आपले नाव मैत्रिणीपर्यंत पोहोचल्याचे तिने प्रथमच पाहिले असावे.

परीक्षेच्या दिवशी मेट्रन वेळेवर आल्या. उंच, इस्त्रीची साडी, बोलणे मोजके. कार्डे त्यांनी स्वतःच खाटेच्या उशाशी लावली. पहिली परीक्षार्थी होती जेठानी. तिने जुन्या सवयीने खणखणीत आवाजात आपल्या रुग्णाचे नाव घेतले, रुग्ण "हव" म्हणाली, आणि गोळी गेली. "छान," मेट्रन म्हणाल्या. "आता कार्ड वाच." कार्डावर दुसरेच नाव होते; मेट्रननी मुद्दाम बदलले होते. "ओळखीचा चेहरा पाहिला की कार्ड कोणी पाहत नाही," असे म्हणून त्यांनी तिला पुन्हा रांगेत शेवटी उभे केले. पुढच्या दोघींचेही तेच झाले. मी खिडकीशी उभी होते. शिक्षकाला परीक्षेच्या खोलीत बोलता येत नाही, ही शिक्षा विद्यार्थ्यांच्या परीक्षेपेक्षा कठीण आहे. आणि प्रत्येक वेळी कार्ड बदललेले असेलच, असेही नव्हते.

घमेलेवालीची पाळी आली. तिने हात धुतले आणि घाईत पदराला पुसले. सिस्टरांनी डोळे मिटून घेतले. खाटेवर भाजीवाली अशी विव्हळत होती, की मेट्रननी एकदा खरोखर तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"तुमचं पूर्ण नाव सांगा," घमेलेवाली म्हणाली.

भाजीवालीने विव्हळणे थांबवून, बाजारात कोथिंबिरीचा भाव सांगावा तशा आवाजात नाव सांगितले. घमेलेवालीने कार्डावर बोट ठेवले. एकेक अक्षर. ओठ मिटलेले. बोट शेवटी गेले, पुन्हा पहिल्या अक्षरावर आले. कूलर घरघरत होता. मेट्रननी घड्याळाकडे पाहिले.

तिने गोळी पुन्हा ताटलीत ठेवली. "ही गोळी यांची नाही."

"का?"

"कार्ड दुसरीचं आहे."

"कोणाचं?"

घमेलेवालीने कार्डाकडे पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावर असहाय हसू पसरले. तिने रांगेकडे बोट दाखवले. "तिचं."

"नाव काय तिचं?" मेट्रननी विचारले.

बोट गेले तिथे जेठानी उभी होती.

"ते तीच सांगेल, मॅडम," घमेलेवाली नम्रपणे म्हणाली. "विचारायचं असतं."

आधी काकी हसली. मग भाजीवाली खाटेवर उठून बसली आणि वीट पुन्हा निसटली. मेट्रनना कारण कळले नव्हते. सिस्टरांनी त्यांच्या कानात सांगितले, तेव्हा इस्त्रीच्या साडीतली ती बाई खुर्चीचा हात धरून हसली. पदराला हात पुसल्याचे गुण मात्र त्यांनी कापले. ते योग्यच होते, आणि मी तसे घमेलेवालीला नंतर सांगितलेही. बाकी सर्व ठिकाणी ती पास होती. जेठानीही दुसऱ्या फेरीत पास झाली, यावेळी विचारून.

महिनाअखेरी आजींचा मुलगा आला, त्याने प्रमाणपत्र पाहिले, त्याहून जास्त वेळ आईला उठवून बसवण्याची पद्धत पाहिली, आणि काम पक्के झाले. पहिल्या सकाळी मी मुद्दाम डोकावले. घमेलेवालीने हात धुऊन स्वच्छ फडक्याला पुसले, माझ्याकडे एकदा पाहिले आणि आजींच्या खाटेपाशी गेली. "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा."

"माहीत नाही का तुले?"

"माहीत आहे. तुम्ही सांगा."

आजींना गंमत वाटली. कित्येक वर्षांत त्यांना कोणी नाव विचारले नव्हते. त्या सगळ्यांच्या आई, आजी, काकू. त्यांनी स्वतःचे नाव सांगितले आणि मधल्या नावापाशी अडखळल्या. "यांचं नाव असं सरळ कसं घेऊ?" मग उशीला नीट टेकून, गालात हसत त्या म्हणाल्या,

"गोळी आहे कडू, पाणी द्या बरोबर,
…रावांचं नाव घेते, चहा ठेवा लवकर."

घमेलेवाली ताटली हातात धरून स्तब्ध उभी राहिली. "हे काय होतं?"

आजींनी तिला उखाणा समजावून सांगितला. जे नाव सरळ घेता येत नाही, ते आमच्यात असे गाण्यातून घेतात. तेव्हापासून रोज सकाळी एक नवा उखाणा होतो, आणि त्यापायी गोळीला थोडा उशीर होतो. सिस्टरांना मी हे कळवले आहे. तेवढा उशीर चालतो असे त्या म्हणाल्या.

परवा मी गेले, तेव्हा घमेलेवालीने कार्ड वाचून झाल्यावर गोळी दिली नाही. ती काहीतरी विचार करत होती.

"आजी," तिने विचारले, "तुमच्या या गाण्यात भोजलीचं नाव बसतं का?"

आजींनी माझ्याकडे पाहिले. मी आयुष्यभर प्रश्नांची उत्तरे दिली आहेत, पण हा काकीच्या अधिकारातला विषय होता, आणि काकी रुआबांध्याला होती. आजींनी हात पुढे केला.

"गोळी दे आधी," त्या म्हणाल्या. "नावाचं मग पाहू."